बर्फ, दोर आणि पक्का रंग

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये नेरूळला पहिला जोराचा पाऊस झाला, त्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात पांढरी चादर होती आणि चादरीवर वरपासून खालपर्यंत निळे-जांभळे ओघळ. ‘‘अगं, तुझ्या शिंक्याचा रंग कुठे उतरलाय बघ,’’ एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या गॅलरीत टांगलेले सुती दोराचे शिंके रात्रभर भिजले होते आणि त्याचा रंग थेंबाथेंबाने खालच्या दोरीवर राहून गेलेल्या चादरीवर उतरला होता.

चादर भरून देता आली. पण प्रश्न एका चादरीचा नव्हता. आमच्या इमारतीतल्या चौघी मिळून आम्ही दोराच्या वस्तू करायला लागलो होतो. गाठी बाकीच्या तिघी मारत, रंगवण्याचे काम माझ्याकडे. त्याच खेपेतली ३० शिंकी आम्ही एका दुकानात दिली होती. पंधरा दिवसांत त्यातली २२ परत आली. कुणाची भिंत डागाळली होती, कुणाचा पडदा. सुताचे, रंगाचे आणि तिघींच्या दोन महिन्यांच्या मेहनतीचे पैसे पाण्यात गेले. सगळ्यांत बोचले ते हे, की ‘बर्फात रंगवले की रंग गोठून बसतो, म्हणून पक्का होतो’ असे मीच सगळ्यांना सांगितले होते. ते मला दुसऱ्या कुणी सांगितले होते आणि मी ते तपासले नव्हते.

मी रसायनशास्त्र शिकलेली नाही. शाळेतले सोडले तर जे काही शिकले ते ग्रंथालयात बसून आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोग करून. पण त्या २२ शिंक्यांनी मला एका प्रश्नामागे लावले : दोर रंगवताना बर्फ नेमके काय करते? त्याचे उत्तर शोधताना कळले की ते रंगाच्या जातीवर अवलंबून आहे. बर्फ एकच, पण रंगांची घराणी वेगळी, आणि प्रत्येक घराण्याशी बर्फाचे नाते वेगळे.

शिंक्याची नवी ओळख

आज ‘मॅक्रमे’ या नावाने ज्या दोराच्या वस्तू प्रदर्शनांत दिसतात, त्यांतली कुंडी टांगायची वस्तू मराठी घराला नवी नाही. तुळईला टांगलेल्या शिंक्यात दुधा-दह्याची, लोण्याची मडकी ठेवायची, म्हणजे मांजर आणि मुंग्या दोघांपासून ती सुरक्षित राहत. ‘शिंके तुटले, बोक्याचे फावले’ ही म्हण त्यातूनच आली. दहीहंडीच्या कथेतला कृष्ण जिथवर पोहोचू पाहतो तेही शिंकेच. काथ्या, अंबाडी, सूत, जे हाताशी असेल त्याचा दोर वळून, चार पदर खाली एका गाठीत आणून शिंके होई. फक्त ते रंगवायची पद्धत फारशी नव्हती. स्वयंपाकघराच्या धुराने जो रंग येई तोच त्याचा रंग.

रंगवलेला दोर आपल्याकडे होता तो दुसऱ्या कामांसाठी : पूजेची नाडाछडी, अनंताचा दोरा, हळकुंड बांधायचा पिवळा धागा. नाडाछडीचा लाल रंग मनगटावर उतरतो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. ती चार दिवसांची वस्तू असते. गॅलरीत टांगलेल्या शिंक्याला मात्र कुंडीतले पाणी रोज लागते आणि नवी मुंबईचा पाऊस चार महिने लागतो. तिथे कच्चा रंग चालत नाही. हा फरक आमच्या लक्षातच आला नव्हता.

कापूस रंग का धरत नाही?

कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोजला पाण्याचे भारी प्रेम. रंग पाण्यात विरघळलेला असेल तर तो पाण्याबरोबर सहज आत जातो, आणि पुढच्या पाण्याबरोबर तितक्याच सहज बाहेर येतो. त्यामुळे रंगाऱ्यापुढचा खरा प्रश्न रंग आत नेण्याचा नसतो, आत गेलेल्या रंगाला थोपवून धरण्याचा असतो. ‘पक्का रंग’ या दोन शब्दांत हा सगळा प्रश्न सामावला आहे.

जुन्या रंगाऱ्यांनी तो दोन प्रकारे सोडवला. मंजिष्ठेच्या लाल रंगासाठी कापड आधी हिरड्याच्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढत. हिरड्यातले टॅनिन धाग्याला धरते, तुरटीतले ॲल्युमिनियम टॅनिनला धरते आणि रंग ॲल्युमिनियमला. म्हणजे रंग आणि धागा यांच्यात मध्यस्थ बसवायचा. निळीची तऱ्हा वेगळी. नीळ पाण्यात विरघळतच नाही. आंबवलेल्या पिंपात तिचे रूप बदलून ती विरघळवायची, कापडात मुरवायची आणि मग हवेवर धरायची. हवेतल्या प्राणवायूने ती पुन्हा न विरघळणारी होते आणि धाग्याच्या आतच अडकून राहते.

१८५६ मध्ये लंडनच्या विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनाइन बनवायच्या खटाटोपात जांभळा कृत्रिम रंग शोधला आणि रंगांचे कारखाने सुरू झाले. पण पर्किनचा जांभळाही रेशमावर जसा बसे तसा कापसावर बसत नसे, त्याला टॅनिनची मदत लागे. कापसाचे कोडे सुटायला आणखी शंभर वर्षे गेली. ते सोडवण्याच्या वाटेवर तीन वेगवेगळी घराणी तयार झाली. दोराच्या कामासाठी या तिघांची ओळख असणे आवश्यक आहे.

तीन घराणी, तीन नाती

पहिले घराणे ‘डायरेक्ट’ रंगांचे. १८८४ मध्ये आलेला ‘काँगो रेड’ हा त्यांतला पहिला गाजलेला. मध्यस्थाशिवाय, थेट कापसावर बसतो म्हणून डायरेक्ट. लांबट, सपाट रेणू धाग्याला नुसते बिलगून राहतात. त्यांना धाग्यात शिरण्यासाठी उकळते पाणी आणि मीठ लागते. आपण घरी नवी साडी मिठाच्या पाण्यात भिजवतो ती सवय या घराण्याच्या काळाशी नाते सांगते. पण मिठाने रेणू थोडा धरून ठेवला जातो, बांधला जात नाही. पुढच्या धुण्यांत तो थोडाथोडा सुटतच राहतो. या घराण्याला उष्णता हवी. बर्फ हा त्याचा शत्रूच. शिंक्यांच्या त्या खेपेसाठी मी सुट्या पुड्यांमधून आणलेला, नाव नसलेला रंग याच घराण्यातला निघाला. म्हणजे ज्या रंगाला उकळी हवी होती त्याला मी बर्फात ठेवले होते, आणि वर ‘गोठून पक्का झाला’ म्हणून समाधान मानले होते.

दुसऱ्या घराण्याचे नावच मुळी बर्फावरून पडले. १८८० मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड इथल्या हॉलिडे कंपनीने कापसावर पक्का लाल रंग तयार करण्याची एक पद्धत काढली. त्यात रंग बाटलीतून आणायचाच नाही, तो धाग्याच्या आत जन्माला घालायचा. आधी सूत नॅप्थॉल नावाच्या पदार्थाच्या द्रावणात भिजवायचे, मग ‘डायझो’ द्रावणात बुडवायचे. दोन्ही पदार्थ धाग्यात भेटले की न विरघळणारा लाल रंग तिथल्या तिथे तयार होतो. अडचण एवढीच, की डायझो द्रावण अत्यंत नाजूक. पीटर ग्रीस याने १८५८ मध्ये शोधलेले हे पदार्थ शून्य ते पाच अंशांच्या वर गेले की विघटन पावू लागतात. म्हणून रंगशाळेत पिंपांमध्ये बर्फाचे तुकडे टाकत आणि या रंगांना ‘आइस कलर्स’ म्हणत. पुढे १९१२ मध्ये आलेल्या सुधारित नॅप्थॉलांमुळे हे घराणे जगभर पसरले. भारतातल्या हातमागाच्या सुतावर आणि बाटिकवर ते अनेक दशके चालले. इथे बर्फ खरोखरच रसायनाचा भाग आहे, ते नसेल तर रंगच तयार होत नाही. ‘बर्फाने रंग पक्का होतो’ या समजुतीचे मूळ कदाचित याच नावात असेल, असे मला वाटते. मात्र कॉस्टिक सोडा आणि डायझो यांचा हा खेळ घरच्या ओट्यावर करण्याजोगा मुळीच नाही.

तिसरे घराणे ‘रिॲक्टिव्ह’ रंगांचे. मँचेस्टरजवळच्या ब्लॅकली इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनशास्त्रज्ञांना आढळले, की विशिष्ट रचनेचा रंग अल्कलीच्या सान्निध्यात सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतो. हे रंग १९५६ मध्ये, पर्किनच्या शोधाला बरोबर शंभर वर्षे होताना, ‘प्रोसियन’ या नावाने बाजारात आले. आता बिलगणे, अडकणे, मध्यस्थ असले काही उरले नाही. रंगाचा रेणू कापसाच्या रेणूचाच भाग होतो.

या विषयाचा अभ्यास आपल्याकडेही मोठा झाला, हे मला पुस्तकांच्या शोधात कळले. माटुंग्याच्या तेव्हाच्या यूडीसीटीचे पहिले भारतीय संचालक आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झालेले डॉ. के. वेंकटरामन यांचा ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडांनी निघत गेला. त्याचा सहावा खंड केवळ रिॲक्टिव्ह रंगांवर आहे. त्यातली बरीच समीकरणे माझ्या डोक्यावरून गेली, पण एक गोष्ट स्वच्छ कळली : रंग कापसाशी बांधला जातो तो अल्कलीमुळे. थंडीने ही क्रिया होत नाही, उलट मंदावते. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी उतरले की क्रियेचा वेग निम्मा होतो. आपल्या घरातल्या तीस अंशांवरून शून्यावर गेलो तर तो जवळपास आठवा हिस्सा उरतो.

मग आजकाल दोर रंगवणारे याच घराण्याच्या रंगावर बर्फ का ठेवतात?

बर्फ म्हणजे सावकाश उघडणारा नळ

याचे उत्तर मी पुस्तकात न शोधता परातीत शोधले. एकाच रिळातल्या सुती दोराच्या ५० ग्रॅमच्या चार लडी केल्या. लाल आणि निळी रिॲक्टिव्ह पूड मिसळून एकच जांभळे मिश्रण केले आणि चारी लडींना सारखे घेतले. पहिली लड सोड्याच्या पाण्यात भिजवली, वर बर्फ, बर्फावर पूड, आणि चोवीस तास ठेवली. दुसरीलाही सोडा आणि बर्फ. पण बर्फ वितळताच, म्हणजे सुमारे तीन तासांनी, धुऊन टाकली. तिसरीला बर्फ आणि चोवीस तास, पण सोडा नाही. चौथीला सोडा आणि चोवीस तास, पण बर्फ नाही. तितकेच पाणी तांब्याने एकदम ओतले.

धुण्याआधी पहिल्या तीन लडी जवळपास सारख्याच सुंदर दिसत होत्या. इथेच फसगत होते. धुतल्यावर पहिलीचा रंग राहिला, दुसरीचा अर्ध्याहून फिका झाला आणि बिनसोड्याची तिसरी मळकट गुलाबी झाली. चौथीचा रंग पहिलीइतकाच पक्का, पण रूप अगदी साधे : खालची बाजू गडद, वरची फिकी, मधे एकसुरी जांभळा. पहिलीवर मात्र कुठे गुलाबी, कुठे निळा, कुठे राखाडी जांभळा, पावसाआधीच्या आभाळासारखे पट्टे उमटले होते.

यातून निष्कर्ष सरळ आहे. पक्केपणा सोड्याने आणि वेळाने येतो. बर्फ फक्त चित्र काढते. ते कसे, तेही समजून घेण्यासारखे आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम गार पाणी शून्यावरून ऐंशी अंशांवर जाईल. त्यामुळे बर्फाचा ढीग एकदम वितळत नाही, थेंब थेंब पाणी सोडत राहतो. प्रत्येक थेंब पुडीचे थोडेसे कण विरघळवून दोरात नेतो. शाळेत ओल्या खडूवर शाईचा ठिपका चढत जाताना त्याचे वेगवेगळे रंग सुटे होतात, तोच प्रकार इथे होतो. माझ्या मिश्रणातला लाल जिथे पडला त्याच्या जवळच थांबला, निळा पुढे सरकला. म्हणून बर्फासाठी मिश्र रंग घ्यावेत. एकाच शुद्ध रंगद्रव्याची पूड घेतली तर फक्त गडद-फिके मिळते.

आपल्या हवेचाही यात हात आहे. थंड देशांतल्या पुस्तकांत बर्फ वितळायला रात्र जाते आणि नंतर लडी उबेला ठेवाव्या लागतात. नवी मुंबईत बर्फ दोन-तीन तासांत संपते, पण पुढचे वीस तास खोलीचे तापमानच काम करते. हवेतली दमट उष्णता, जिला आपण एरवी नावे ठेवतो, ती इथे उपयोगी पडते. कारण दोर वाळला की क्रिया थांबते. विदर्भातल्या एप्रिलच्या कोरड्या झळांत हेच काम करायचे तर परात प्लॅस्टिकने घट्ट झाकावी लागेल.

बर्फाच्या आकारानेही फरक पडतो. फ्रिजमधल्या चौकोनी तुकड्यांनी मोठे ठसे उमटतात, मासळी बाजारातल्या लादीच्या चुऱ्याने बारीक शिंतोडे. लादीचे बर्फ निळसर दिसले तर घाबरू नये. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे केले, जेणेकरून ते सरबतात जाऊ नये. तो खाद्यरंग कापसाला धरत नाही, धुण्यात निघून जातो.

दोर आणि कापड यांतला फरक

कापडावरची कृती जशीच्या तशी दोरावर केली की दुसरी फसगत होते. कापड पातळ असते. दोराला मात्र गाभा असतो. तीन पेडांचा पीळदार दोर असो की विणलेला, बाहेरचे तंतू रंग अडवून ठेवतात आणि आतला भाग पांढरा राहतो. शिंक्याच्या तळाशी दोर उकलून झुपका करतात तेव्हा हा पांढरा गाभा बाहेर येतो. पुष्कळांना तो दोष वाटतो. मला तो आता आवडतो. पण तो ठरवून आला पाहिजे, चुकून नव्हे.

गाभ्यापर्यंत रंग न्यायचा तर वाट आधी मोकळी करावी लागते. कच्च्या सुतावर नैसर्गिक मेण असते, कधी वरून खळही दिलेली असते. सोडा आणि साबण घातलेल्या पाण्यात तासभर उकळले की पाणी चहासारखे तपकिरी होते. ती घाण रंगाच्या वाटेतली होती. उकळून धुतलेल्या दोरावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच आत गेला तर दोर तयार, मण्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळावा.

आणखी एक परीक्षा सर्वांत आधी. ‘सुती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोरात पुष्कळदा पॉलिस्टर मिसळलेले असते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळावा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. त्याला हा रंग कधीच धरणार नाही.

आमची आजची पद्धत

पाव किलो दोराची सैल लड करावी. चार ठिकाणी दोऱ्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सैल बांधावे, म्हणजे गुंता होत नाही आणि बांधलेल्या जागी रंग अडतही नाही. उकळून स्वच्छ केलेली लड सोड्याच्या पाण्यात निदान तासभर, जाड दोर असेल तर रात्रभर भिजवावी. प्रमाण लिटरला ५० ग्रॅम सोडा ॲश. इथे नावांचा घोळ होतो. खाण्याचा सोडा चालत नाही, त्याची अल्कली फार सौम्य. धुण्याच्या सोड्याचे खडे चालतात. पण खड्यांत पाण्याचेच वजन निम्म्याहून जास्त असते, म्हणून ते कोरड्या पुडीच्या २.७ पट घ्यावे लागतात. हातमोजे घालावेत, सोडा कातडी खातो.

लड पिळून जाळीवर पसरावी, खाली टब ठेवावा. जाळी नसेल तर लड वितळलेल्या पाण्यातच बुडून राहते आणि सगळे रंग मिसळून चिखली होतात. लडीवर किलो-दीड किलो बर्फाचा थर द्यावा आणि त्यावर दहा ग्रॅमच्या आसपास पूड भुरभुरावी. रंग घेताना घराणे विचारून घ्यावे. मशीद बंदरच्या पेढ्यांवर ‘रिॲक्टिव्ह, कोल्ड ब्रँड’ किंवा ‘एम’ असे म्हटले की कळते. परदेशी पुस्तकांत त्यालाच ‘एमएक्स’ म्हणतात. त्याच घराण्यातला ‘एच’ ब्रँड गरम पाण्याचा, तो इथे उपयोगाचा नाही. पुडीवर नाव नसेल तर ती घेऊ नये. काही जुन्या ॲझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात म्हणून ते बंदी घातलेले आहेत, आणि निनावी पुडीत काय आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

पूड भुरभुरताना पंखा बंद आणि नाकातोंडावर चांगला मास्क. रिॲक्टिव्ह रंगाची धूळ श्वासात जात राहिली तर कायमची ॲलर्जी आणि दमा होऊ शकतो, हे रंगकारखान्यांतल्या कामगारांच्या बाबतीत सिद्ध झालेले आहे. परात, चमचा, जाळी या कामाची वेगळी. ती पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. बर्फ वितळल्यावर झाकून चोवीस तास हात लावू नये.

धुतलेले पाणी कुठे जाते?

आता सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग : धुणे. रिॲक्टिव्ह रंग जसा कापसाशी बंध जोडतो तसाच तो पाण्याशीही जोडतो. पाण्याशी जोडला गेलेला रंग कायमचा बाद होतो. तो धाग्याला फक्त चिकटून राहतो. एकूण रंगाचा तिसरा हिस्सा असा वाया जाणे नेहमीचे आहे. तो काढला नाही तर रंग रसायनाच्या दृष्टीने पक्का असूनही चादर डागाळतेच. आधी थंड पाण्याने सोडा घालवावा, मग जवळजवळ उकळत्या पाण्यात लड बुडवून ठेवावी, पाणी निवळ येईपर्यंत बदलत राहावे. कापडाला तीन पाणी पुरतात. दोराच्या गाभ्यातून रंग सावकाश येतो, त्याला सहा-सात लागतात आणि मधे एक रात्र मुरावे लागते.

हे सगळे पाणी जाते कुठे, हा प्रश्न नवी मुंबईत राहणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतली काही भटकी कुत्री निळी झालेली लोकांनी पाहिली. कासाडी नदीच्या परिसरात रंगाचे सांडपाणी आणि पूड यांमुळे तसे झाल्याचे पुढे आले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करायला लावला. ती छायाचित्रे जगभर गेली. तेव्हा आम्ही कारखान्याच्या नावाने बोटे मोडली. माझ्या मोरीतून जाणारे पाणी मात्र मी कधी मोजले नव्हते.

आता मोजते. ३० शिंक्यांना सहा किलो दोर, म्हणजे २४० ग्रॅम रंग, त्यातला सुमारे ८० ग्रॅम गटारात. कारखान्याच्या तुलनेत हे काहीच नाही. पण हे रंग पाण्यात पूर्ण विरघळतात आणि मलप्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना ते सहज पचत नाहीत. त्या केंद्रांचे पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीला मिळते. तिथेच २०१५ मध्ये जाहीर झालेले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ते रामसर यादीत आहे. हिवाळ्यात आपण कौतुकाने गुलाबी पक्षी बघायला जातो तीच ही खाडी.

म्हणून आम्ही पुडीचे प्रमाण चाचण्या घेत घेत कमी केले. टबात साठणारे रंगीत पाणी ताजे असतानाच त्यात सोड्याने भिजवलेली दुसरी लड टाकतो. तिच्यावर शांत, धुरकट छटा येते आणि त्याच छटेच्या शिंक्यांना आता जास्त मागणी आहे. धुण्याचे शेवटचे जवळपास निवळ पाणी पुढच्या लडीच्या पहिल्या पाण्याला वापरतो.

आणि किंमत बदलली. पूर्वी आम्ही सूत, रंग आणि गाठींचा वेळ धरत असू, धुणे कुणी हिशेबात घेत नसे. प्रत्यक्षात रंगवण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ धुण्याला जातो. तो वेळ किमतीत धरला की एक शिंके महाग होते. ज्यांना ते परवडत नाही त्यांना आम्ही न रंगवलेले देतो. कच्च्या रंगाचे स्वस्त शिंके देत नाही.

आता प्रत्येक खेपेतली एक लड आम्ही ओली करून पांढऱ्या रुमालात गुंडाळतो आणि वर पाटा ठेवतो. सकाळी रुमाल पांढरा असेल तरच खेप दुकानात जाते. गेल्या जूनमध्ये मी नवे शिंके पुन्हा गॅलरीत त्याच जागी टांगले आणि आधी खाली जाऊन आजींना सांगून आले. त्या म्हणाल्या, ‘‘टांग की. मी आज मुद्दाम पांढरीच चादर घालते दोरीवर.’’ रात्रभर पाऊस झाला. सकाळी त्या वर आल्या नाहीत, म्हणून मीच खाली गेले. चादर ओलीचिंब होती आणि पांढरी होती.